मोहोळच्या शिवारातलं सामान्य अध्ययन

२८ सप्टेंबर २०२५ रोजी महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची राज्यसेवा पूर्वपरीक्षा ठरलेली होती. त्या आठवड्यात सीना पात्र सोडून वाहत होती. सोलापूर जिल्ह्यातल्या माढा, मोहोळ, उत्तर सोलापूर या तालुक्यांत नदीकाठची गावं पाण्यात होती, लांबोटीजवळ सोलापूर-पुणे महामार्ग बंद पडला होता आणि मराठवाड्यातही तीच गत होती. आयोगाने परीक्षा ९ नोव्हेंबरवर नेली. ज्या जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, ज्याची सरकारदरबारी ओळख अवर्षणप्रवण अशी आहे, तिथली परीक्षा पुरामुळे पुढे गेली. आपत्ती व्यवस्थापन हा सामान्य अध्ययनाच्या अभ्यासक्रमातला एक घटक. सीनेचा उगम नगर भागात, तिला मिळणारे प्रवाह धाराशिवकडून येणारे, वरची धरणं एकाच वेळी भरलेली, त्यांच्या विसर्गाचं वेळापत्रक ठरवणारी यंत्रणा जिल्ह्याबाहेर आणि पाणी शिरलं ते मोहोळच्या उसात, घरांत. त्या घटकावर उत्तर लिहायला लागणारी सगळी सामग्री यात आहे. तरीही अभ्यासिकेत बसलेला मुलगा त्या घटकाखाली केरळचा पूर आणि ओडिशाची चक्रीवादळं पाठ करत असतो.

या लेखात मला जे म्हणायचं आहे ते इथूनच सुरू होतं. सामान्य अध्ययन नावाचा विषय आपण फार दूरवर शोधतो. मोहोळसारखा तालुका नीट वाचला तर त्या अभ्यासक्रमाचा मोठा भाग हाताशी येतो, आणि परीक्षेचं नवं स्वरूप अशाच वाचनाला गुण देणारं आहे.

आधी त्या स्वरूपाविषयी. दौलतसिंह कोठारी समितीच्या शिफारशींनंतर १९७९ पासून केंद्रीय नागरी सेवा परीक्षा पूर्व, मुख्य आणि मुलाखत अशी तीन टप्प्यांची झाली. २०११ मध्ये पूर्वपरीक्षेत सीसॅट (कलचाचणीचा पेपर) आला, २०१५ पासून तो केवळ ३३ टक्के मिळवून पार करायचा पेपर झाला. मोठा बदल २०१३ चा. अरुण निगवेकर समितीच्या पार्श्वभूमीवर मुख्य परीक्षेतला एक वैकल्पिक विषय गेला आणि सामान्य अध्ययनाचे दोनाचे चार पेपर झाले, प्रत्येकी २५० गुणांचे. चौथा नीतिशास्त्राचा. म्हणजे लेखी परीक्षेच्या १७५० गुणांपैकी १००० गुण एकट्या सामान्य अध्ययनाचे. पहिल्या तीन पेपरांत प्रत्येकी तीन तासांत वीस उत्तरं, निम्मी दीडशे शब्दांची, निम्मी अडीचशेची. पाठांतर इथे अर्ध्या वाटेतच थांबतं.

राज्यसेवेचा प्रवास उलट दिशेने गेला होता. २०१२ पासून मुख्य परीक्षा जवळजवळ सगळी बहुपर्यायी झाली: भाषांचे पेपर आणि सामान्य अध्ययनाचे चार, मिळून ८०० गुण. त्यात कृषी होतं, मनुष्यबळ विकास आणि मानवी हक्क असा एक स्वतंत्र पेपर होता. दहा वर्षांत या स्वरूपाभोवती पुण्यात एक मोठी बाजारपेठ उभी राहिली. पर्याय ओळखण्याच्या युक्त्या, एका ओळीतली माहिती, आयोगाच्या जुन्या प्रश्नांचे संच. २०२२ मध्ये आयोगाने केंद्राच्या धर्तीवर वर्णनात्मक परीक्षा जाहीर केली आणि मुलं रस्त्यावर उतरली. २०२३ च्या जानेवारी-फेब्रुवारीत पुण्यात झालेलं आंदोलन अनेकांना आठवत असेल. मागणी साधी होती, तयारीला वेळ द्या. सरकार आणि आयोगाने ती मानली आणि नवं स्वरूप २०२५ पासून लागू केलं. आता नऊ पेपर: दोन भाषांचे पात्रतेपुरते, एक निबंध, चार सामान्य अध्ययनाचे, दोन वैकल्पिक विषयाचे. लेखी १७५०, मुलाखत २७५, एकूण २०२५ गुण.

त्या आंदोलनातली मुलं चुकीची होती असं मला वाटत नाही. ज्याने चार-पाच वर्षं एका पद्धतीची तयारी केली, त्याच्या पायाखालची जमीन एका परिपत्रकाने सरकवणं अन्यायाचंच होतं. पण बदलाची दिशा योग्य आहे. उद्याचा तहसीलदार चार पर्यायांतून दुष्काळ निवडणार नसतो. त्याला टिपणी लिहायची असते, कारणं मांडायची असतात, दोन बाजू ऐकून निर्णय द्यायचा असतो.

इतिहास घ्या. मोहोळ तालुक्यातलं आष्टी गाव. २० फेब्रुवारी १८१८ रोजी इथे पेशव्यांची आणि जनरल स्मिथच्या फौजेची गाठ पडली. सेनापती बापू गोखले पडले आणि छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती आले. तारीख आणि नावं पाठ केली की पूर्वपरीक्षेचा एक प्रश्न सुटतो. वर्णनात्मक उत्तर पुढे सुरू होतं: दुसरा बाजीराव जूनमध्ये शरण आला तरी इंग्रजांनी साताऱ्याची गादी का राखली, प्रतापसिंहांना १८३९ मध्ये का काढलं, १८४८ मध्ये दत्तकवारस नामंजूर करून सातारा खालसा कसा झाला. आष्टीच्या रणातून डलहौसीच्या धोरणापर्यंतची ओळ एका दमात सांगता येते, आणि ती सांगणाऱ्याला तहांची यादी वेगळी पाठ करावी लागत नाही.

त्याच आष्टीचा तलाव १८७६-७७ च्या दुष्काळात कामाला लागलेल्या हातांनी आकाराला आला. इथून अर्थव्यवस्थेचा इतिहास उघडतो. शेजारच्या इंदापुरात प्रिंगलची महसूल आकारणी फसली आणि १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड-विंगेट यांनी रयतवारीची नवी मोजणी तिथूनच सुरू केली. रोख सारा, सावकाराचं कर्ज, अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे चढलेले आणि नंतर कोसळलेले कापसाचे भाव, मग १८७५ चे दख्खनचे दंगे. १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा ज्या चार जिल्ह्यांना लागू झाला त्यांत पुणे, सातारा, नगर यांच्यासोबत सोलापूर होता. दुष्काळ आयोग १८८० चा. आणि रेल्वे १८६० मध्येच मोहोळमार्गे सोलापूरला पोहोचलेली. रेल्वे असूनही माणसं उपाशी का राहिली, हा प्रश्न दादाभाई नौरोजी आणि रमेशचंद्र दत्त यांच्या लेखनाशी जोडून पाहिला की आर्थिक निःसारणाचा सिद्धान्त कोरडा राहत नाही.

स्वातंत्र्यलढ्यात सोलापूरचं प्रकरण राष्ट्रीय पातळीचं आहे आणि तरीही पुस्तकात त्याला दोन ओळी मिळतात. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर गिरणी कामगारांचं शहर पेटलं, काही दिवस इंग्रजी अंमल नावापुरता उरला आणि सरकारने लष्करी कायदा पुकारला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. चार नावांत जातिधर्मांची केवढी वीण आहे! सविनय कायदेभंगातला कामगारांचा सहभाग या विषयावर यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही. सामाजिक सुधारणांसाठी पंढरपूर शेजारीच आहे: १९४७ च्या मे महिन्यातलं साने गुरुजींचं उपोषण, विठ्ठल मंदिर सर्वांना खुलं व्हावं म्हणून. संस्कृतीच्या घटकासाठी मोहोळजवळचं वडवळ आणि तिथल्या नागनाथाचा नागेश संप्रदाय. त्या परंपरेत मुसलमान शिष्यही आहेत. भक्ती आणि सूफी यांच्यातल्या देवघेवीवर लिहिताना हे उदाहरण देणारा विद्यार्थी शंभरात एखादा निघेल.

पण मोहोळचा खरा श्रीमंत भाग शेती आणि पाणी हा आहे, आणि इथे थोडं थांबायला हवं.

मालदांडी ज्वारी, जिच्या वाणाला मालदांडी ३५-१ म्हणतात, ती १९३० च्या दशकात मोहोळच्या संशोधन केंद्रात स्थानिक वाणातून निवडून तयार झाली. आज महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं संशोधन केंद्र आणि कृषी विज्ञान केंद्र मोहोळला आहे. जवळजवळ शतकभर एक वाण टिकून राहतं, हे हरितक्रांतीच्या चर्चेत अडचणीचं उदाहरण आहे. १९६४ पासून संकरित ज्वारी आली, खरिपात पसरली. रब्बीत मात्र शेतकऱ्याने मालदांडी सोडली नाही. कारण रब्बीची ज्वारी पावसावर येत नाही. काळ्या जमिनीत साठलेल्या ओलीवर आणि थंडीवर ती पिकते, तिची भाकरी गोड लागते आणि तिचा कडबा जनावरांना लागतो. शेतकरी धान्याचे क्विंटल आणि कडब्याच्या पेंढ्या दोन्ही मोजतो. तंत्रज्ञानाचा स्वीकार का होतो आणि का होत नाही, या प्रश्नाचं उत्तर या एका पिकात आहे. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं, मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, सोलापूरच्या डाळिंबालाही आहे, राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सोलापूरजवळ केगावला आहे. पूर्वपरीक्षेचे मुद्दे असे सहज येऊन बसतात.

आता पाणी. भीमेवरचं उजनी धरण माढा तालुक्यात, १९८० मध्ये पूर्ण झालेलं. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, त्यातला उपयुक्त ५३ च्या आसपास आणि मृतसाठा ६३ हून अधिक. उपयुक्त साठ्यापेक्षा मृतसाठा मोठा, म्हणून वर्तमानपत्रात ‘उजनी उणे’ अशी बातमी येते. २०२४ च्या उन्हाळ्यात धरण उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेलं होतं. मृतसाठ्यातून पाणी उचलायचं म्हणजे कुणासाठी? सोलापूर शहराला प्यायला, नदीकाठच्या योजनांना, उसाला? भीमा-सीना जोडबोगदा, आष्टी आणि शिरापूरच्या उपसा सिंचन योजना, मधल्या तालुक्यांच्या मागण्या, खाली कर्नाटक. त्यावर कृष्णा पाणीवाटप लवाद: बच्छावत लवादाने महाराष्ट्राला ५६० टीएमसी दिलं, दुसरा लवाद ब्रिजेशकुमार यांचा. राज्यघटनेचा अनुच्छेद २६२ आणि १९५६ चा आंतरराज्य जलविवाद कायदा इथे प्रत्यक्षात कसा चालतो ते दिसतं. जो विद्यार्थी संघराज्य, सिंचन, पीकरचना आणि नागरी पाणीपुरवठा हे चार घटक चार वह्यांत लिहितो, त्याने उजनीवर एकच वही करावी.

ऊस हा त्याच प्रश्नाचा दुसरा भाग. भीमा सहकारी साखर कारखाना टाकळी सिकंदरला, लोकनेते बाबुराव पाटील कारखाना अनगरला. कमी पावसाच्या जिल्ह्यात इतका ऊस का, असं विचारलं की बहुतेक उत्तरं शेतकऱ्याला दोष देतात. ते बरोबर नाही. उसाला रास्त आणि किफायतशीर दर कायद्याने बांधलेला आहे, १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाखाली २००९ पासून. कारखाना ऊस उचलतो, बँक त्यावर कर्ज देते, इथेनॉलचं धोरण मागणी वाढवतं. ज्वारीला आधारभूत किंमत जाहीर होते, पण खरेदी तशी होत नाही. धोका ज्या पिकात कमी, ते पीक शेतकरी घेतो. किंमत धोरण पिकाचा नकाशा कसा बदलतं, हे समजायला आर्थिक पाहणीच्या तक्त्यांसोबत अनगरच्या रस्त्यावरच्या ट्रॅक्टरच्या रांगाही पाहाव्यात.

दुष्काळाच्या बाजूने रोजगार हमी येते. वि. स. पागे यांची कल्पना, १९७२ च्या दुष्काळातली कामं, १९७७ चा महाराष्ट्राचा कायदा आणि मग २००५ चा केंद्राचा कायदा. राज्याने आधी केलं, देशाने नंतर उचललं. माहितीच्या अधिकाराचंही तसंच: महाराष्ट्राचा कायदा २००२ चा, केंद्राचा २००५ चा. राज्यसेवेच्या उत्तरात महाराष्ट्राचा असा संदर्भ आला तर तो परीक्षकाला ओढूनताणून आणल्यासारखा वाटत नाही.

पर्यावरणासाठी माळढोक पक्षी. १९७९ मध्ये जाहीर झालेल्या अभयारण्याचं क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर होतं. नान्नज हे त्याचं केंद्र, आणि मोहोळसह सोलापूर-नगरमधल्या कित्येक गावांचं शिवार त्यात आलं. लोकांच्या मालकीच्या जमिनी, गावठाणं, रस्ते सगळं अभयारण्यात. जमीन विकता येईना, व्यवहार अडले, आणि लोकांचा राग पक्ष्यावर निघाला. पुढे क्षेत्र घटवून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटर केलं. पक्षी तोवर जवळजवळ गेला होता. संवर्धन लोकांना सोबत न घेता केलं तर काय होतं, याचा हा धडा देशभरच्या अभ्यासकांनी गिरवावा असा आहे. त्यात भर सर्वोच्च न्यायालयाच्या २०२४ च्या निकालाची: माळढोक आणि विजेच्या तारा यांच्या खटल्यात न्यायालयाने हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण हा हक्क अनुच्छेद १४ आणि २१ मध्ये वाचला. तारा राजस्थान-गुजरातच्या, पण पक्षी आपल्याही माळाचा. गवताळ माळरानाला सरकारी कागदांत पडीक म्हणण्याची सवय किती महाग पडली, हेही इथेच लिहावं.

राज्यव्यवस्थेत मी फार रेंगाळत नाही, कारण लक्ष्मीकांत यांचं पुस्तक प्रत्येकाच्या टेबलावर असतंच. मोहोळ विधानसभा मतदारसंघ पुनर्रचनेनंतर २००९ पासून अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. परिसीमन आयोग आणि अनुच्छेद ३३२ यांना इतका जवळचा दाखला आहे. वसंतराव नाईक समिती, १९६१ चा जिल्हा परिषद आणि पंचायत समिती कायदा, ७३ वी घटनादुरुस्ती, २०११ पासून महिलांना निम्म्या जागा, हे सगळ्यांना येतं. कमी लोक लिहितात ते पुढचं. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाची २०२१ ची तिहेरी कसोटी, बांठिया आयोग, आणि २०२२ मध्ये मुदत संपल्यावर राज्यातल्या कित्येक जिल्हा परिषदांवर, सोलापूरच्यासुद्धा, दीर्घकाळ राहिलेला प्रशासकाचा अंमल. घटना पाच वर्षांत निवडणूक घ्या म्हणते आणि गावाला सदस्य नाही, अशा काळात ग्रामसभेचं, पंचायत समितीच्या कामांचं काय झालं, हे मोहोळच्या विद्यार्थ्याने स्वतः पाहिलेलं आहे. त्याने ते लिहिलं पाहिजे.

नीतिशास्त्राचा पेपर मुलांना सर्वांत अवघड वाटतो, कारण त्याला गाईड पुरत नाही. तत्त्वज्ञांची वाक्यं पाठ करून पहिला भाग निभतो. प्रकरणांच्या भागात मात्र निर्णय द्यावा लागतो. सीना-भीमेच्या काठी वाळू हा विषय कुणाला नवा नाही. रात्री चालणारा उपसा, गावातल्याच ओळखीच्या माणसाचा ट्रॅक्टर, एकटा निघालेला तलाठी, वरून येणारा फोन, घरकुलासाठी स्वस्त वाळू मागणारी विधवा. या पाचही बाजूंना उत्तरात जागा द्यायची, कायदा मोडू द्यायचा नाही आणि माणूसही चिरडू द्यायचा नाही. अशी प्रकरणं दर आठवड्याला गावात घडतात. ती वहीत उतरवून, आपण काय केलं असतं हे दोनशे शब्दांत लिहिणं, ही त्या पेपरची सर्वांत चांगली तयारी आहे असं मी ठामपणे सांगेन.

एवढं सांगितल्यावर तालुका काय देऊ शकत नाही तेही सांगायला हवं. जागतिक इतिहास, आंतरराष्ट्रीय संबंध, अवकाश आणि जैवतंत्रज्ञान, अंतर्गत सुरक्षेचा मोठा भाग यांसाठी पुस्तकं, चांगलं वर्तमानपत्र आणि शिस्त यांना पर्याय नाही. पूर्वपरीक्षेचे शंभर प्रश्न, चुकीच्या उत्तराला केंद्रात एक तृतीयांश आणि राज्यात एक चतुर्थांश गुण वजा, तिथे अचूक स्मरण लागतंच. स्थानिक उदाहरणांच्या नादात मूळ संकल्पना कच्ची राहिली तर उत्तर गावगप्पा होतं. आधी अनुच्छेद, मग उजनी; हा क्रम उलटू नये.

साधनांचं दारिद्र्य मात्र वाटतं तितकं नाही. १८८४ चं सोलापूरचं गॅझेटियर आणि त्याची पुढची आवृत्ती, अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचं जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन, राज्याची आर्थिक पाहणी, मराठी विश्वकोश, बालभारतीची अकरावी-बारावीची पुस्तकं, ‘योजना’ आणि ‘लोकराज्य’. यातलं बरंचसं फुकट मिळतं. जिल्हा समालोचन चाळलेला उमेदवार मला अजून फार भेटत नाही. तालुक्याचं सिंचित क्षेत्र, पीकवार हेक्टर, बँकांच्या ठेवी आणि कर्जं, शाळा, दवाखाने हे त्यात तक्त्यांनी दिलेलं असतं, आणि दोन आकडे उत्तरात बरोबर बसले की त्या उत्तराचं वजन बदलतं.

भाषेची अडचण खरी आहे. केंद्राच्या मुख्य परीक्षेत मराठीतून लिहिता येतं, पण पूर्वपरीक्षेची प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीतच असते. मराठी माध्यमाचा मुलगा त्यामुळे पहिल्याच दारात परक्या वाक्यरचनेशी झगडतो. राज्यसेवेत ही अडचण नाही. ज्याला दोन्ही द्यायच्या आहेत त्याने पहिल्या दिवसापासून संकल्पना मराठीत समजून घ्यावी आणि प्रश्न इंग्रजीत वाचायची सवय करावी.

मग पुण्याला जायचं की नाही? सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत सोलापूर जिल्ह्यातली मुलं मोठ्या संख्येने आहेत. घरची एक-दोन एकर जमीन, उसाचं बिल आलं की पैसे पाठवणारा बाप, आणि तीन वर्षांनंतर गावी जायला अवघडणारा मुलगा. बार्टी, सारथी, महाज्योती या सरकारी संस्थांच्या शिष्यवृत्त्यांनी अनेकांना आधार दिला, पण त्या सगळ्यांना पुरत नाहीत. केंद्राच्या परीक्षेला दहा लाखांच्या घरात अर्ज आणि जागा हजाराच्या आसपास. हे गणित मुलाला आणि त्याच्या बापाला पहिल्याच दिवशी, स्पष्ट शब्दांत सांगायला हवं. ते न सांगता प्रवेश देणं मला अनैतिक वाटतं. किती वर्षं द्यायची ते आधी ठरवावं, आणि त्याच अभ्यासावर तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक, राज्यकर निरीक्षक या परीक्षा देत राहावं. त्या नोकऱ्या दुय्यम नाहीत. गावाला रोज भेटणारं सरकार तेच असतं.

वाचन मोहोळमध्ये होऊ शकतं. होत नाही ते लिहिलेलं तपासणं. बहुपर्यायी परीक्षेत उत्तरतालिका होती, आता माणूस लागतो: उत्तर वाचून ‘इथे मुद्दा सुटला, इथे पुरावा नाही’ असं सांगणारा. तालुक्यात महाविद्यालयं आहेत, त्यांत इतिहास, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, मराठी शिकवणारे प्राध्यापक आहेत. निवृत्त गटविकास अधिकारी, नायब तहसीलदार, शेती अधिकारी आहेत. नगरपरिषदेने किंवा महाविद्यालयाने अभ्यासिकेला खुर्च्या आणि वायफाय देण्यापलीकडे जाऊन दर शनिवारी दोन तास उत्तरं तपासणारी पाच माणसं बसवली, तर पुण्याच्या निम्म्या खर्चाची गरज संपेल. सुरुवातीला प्रश्न इथलेच द्यावेत. उजनीच्या मृतसाठ्यातलं पाणी कुणाला आणि कोणत्या क्रमाने द्यावं? माळढोक अभयारण्याचं क्षेत्र कमी करणं योग्य होतं का? प्रशासकाच्या काळात तुमच्या गावच्या कोणत्या निर्णयाला सदस्य असते तर वेगळं वळण मिळालं असतं? प्रत्येकी अडीचशे शब्द, वेळ अकरा मिनिटं.